बायकांचा गट, जंगलात दोन रात्री: शौच, पाळी, थंडी, भीती सगळं आधीच बोलून घेऊया

पायवाट

आम्ही आठजणी जंगलात दोन रात्री तंबूत राहायला जाणार आहोत. सगळ्यात लहान चोविशीची, सगळ्यात मोठी एकसष्टची. तिघींनी आजवर तंबूत एकही रात्र काढलेली नाही. नियोजन माझ्याकडे आहे.

सामानाच्या यादीला मी अजून हात लावलेला नाही. आधी प्रत्येकीला वेगवेगळा फोन केला आणि दोनच प्रश्न विचारले. तुला कशाची भीती वाटते? आणि सगळ्यांसमोर कोणती गोष्ट बोलायला संकोच वाटेल? गटावर हेच विचारलं असतं तर "काही नाही गं, मजा येईल" यापलीकडे उत्तर आलं नसतं. फोनवर मात्र एकेक जण बोलत गेली. रात्री शौचाला एकटीने जाणं. पाळी नेमकी त्याच तारखांना येणं. "माझे गुडघे दुखतात, माझ्यामुळे सगळ्या खोळंबतील." अनोळखी पुरुष जवळ येऊन बसले तर काय करायचं? रात्री अचानक अंगाचा दाह होऊन घाम फुटतो, शेजारणीची झोप मोडेल. एकीला घोरण्याची लाज वाटते. जनावरांची भीती फक्त दोघींनी बोलून दाखवली.

माझं ठाम मत झालंय की आराखडा या उत्तरांवरूनच बनायला हवा. सरावलेल्या दोघी-तिघी आपल्या सोयीने ठरवतात, बाकीच्या मान डोलावतात आणि मग जंगलात पोचल्यावर गप्प गप्प राहून सोसतात, असे गट मी पाहिलेत. मला तसं नको आहे.

आत्तापर्यंत एवढं ठरलंय:

तंबू ठोकायची जागा अधिकृत असेल, जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घेतलेली असेल. गाडी जिथे थांबते तिथून तासाभरापेक्षा जास्त चाल नको. चालताना सगळ्यात हळू चालणारी पुढे, तिच्या वेगाने बाकीच्या. आणि कोणीही एकीने "परत फिरूया" म्हटलं तर फिरायचं. कारण विचारायचं नाही, मत घ्यायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही.

या शेवटच्या नियमावर आमच्यातच दुमत आहे. तुमचे अनुभव सांगा. बाकी शौच, पाळी, थंडी, पाणी, सुरक्षितता, जे माहीत असेल ते सविस्तर लिहा. इथे संकोच नको.

चांदणवेल

पहिल्यांदा शौचाचंच घेते, कारण अर्धी सहल त्यावर अवलंबून असते. अंधारात जावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी पिणंच बंद करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मग डोकं दुखतं, थकवा येतो, लघवीला जळजळ सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी चालवत नाही. तेव्हा "पाणी प्या, पाणी प्या" असं बजावून काही होत नाही. जायची सोय करून द्या, पाणी आपोआप प्यायलं जाईल.

पोचल्या पोचल्या, तंबू उभारायच्याही आधी, उजेडात दोघींनी जाऊन जागा नक्की करा. तंबू, पायवाट आणि ओढा किंवा तळं, तिन्हींपासून किमान 60 मीटर लांब. मोठ्या माणसाची साधारण 70 ते 80 पावलं होतात. माती काळी, भुसभुशीत असेल तर उत्तम, त्यात विघटन लवकर होतं. खड्डा 15 ते 20 सेंटीमीटर खोल, 10 ते 15 सेंटीमीटर रुंद. छोटं फावडं किंवा खुरपं एक पुरतं. काम झालं की निघालेली मातीच परत लोटायची आणि वर पालापाचोळा पसरायचा. कागद वापरला तर तो पिशवीत घालून परत आणलेला बरा. ओले वाइप्स तर अजिबात पुरू नका, त्यातल्या बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात.

तंबूपासून त्या जागेपर्यंत झाडांना एक फिकट रंगाची दोरी बांधत न्या, कमरेच्या उंचीवर. रात्री दोरीला हात लावून जायचं आणि तसंच परत यायचं, वाट चुकायचा प्रश्नच नाही. दोरीच्या सुरुवातीला एक रंगीत रुमाल बांधा. जाणारीने तो सोबत न्यायचा, येताना परत बांधायचा. रुमाल जागेवर नाही म्हणजे आत कोणीतरी आहे. हाका मारायला लागत नाहीत.

आणि प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरवा. रात्री तिला उठवायचं हा हक्क आहे, उपकार नाही, हे आधीच सगळ्यांसमोर बोलून घ्या.

सरोवर

रुमालाची युक्ती फार आवडली!

माझी भर: फक्त लघवीसाठी रात्री लांब जायची गरज नाही. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली तंबूच्या बाहेरच्या पडवीत ठेवायची आणि तिच्यावर लांबूनही ओळखू येईल अशी चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे पाण्याच्या बाटलीशी गल्लत होत नाही. बायकांसाठी सिलिकॉनचं नरसाळं मिळतं, त्याने उभ्यानेही जमतं. गुडघेदुखीवाल्या मैत्रिणीला त्याचा फार उपयोग होईल. पण घरी न्हाणीघरात सराव केल्याशिवाय नेऊ नका.

झाडवेडी

आता पाळी. तारीख गृहीत धरूच नका. दगदग, हवाबदल, झोपेचं चक्र बिघडणं यांनी ती पुढेमागे होते, म्हणून आठही जणींनी, जिची पाळी बंद झालीय तिनेसुद्धा, दोन-दोन पॅड सॅकमध्ये टाकावेत. स्वतःला लागणार नसतील तर दुसरीला लागतील.

वापरलेले पॅड किंवा टॅम्पॉन पुरायचे नाहीत आणि जाळायचेही नाहीत. पुरले तर प्राणी उकरून काढतात. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, शेकोटीत ते नीट जळत नाही आणि धूर विषारी होतो. दोन झिपच्या पिशव्या घ्यायच्या, एकीत एक. बाहेरचीवर काळी चिकटपट्टी पूर्ण गुंडाळायची म्हणजे आतलं दिसत नाही. आत चमचाभर खाण्याचा सोडा टाकला की वास बराच कमी होतो. प्रत्येकीची पिशवी तिच्याकडेच राहते आणि परत येते.

पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरणाऱ्यांना सगळ्यात सोपं जातं. बहुतेक कप जास्तीत जास्त 12 तास ठेवता येतात, म्हणजे सकाळी आणि रात्री मिळून दोनदाच काढायचा. रिकामा करायचा तो त्याच खड्ड्यात, ओढ्यापाशी नाही. धुवायला पिण्याचंच पाणी वापरायचं आणि त्याआधी हात साबणाने स्वच्छ करायचे. पण ज्यांनी कधी वापरला नाही त्यांनी जंगलात पहिला प्रयोग करू नये. घरी दोन-तीन पाळ्या वापरून हात बसू द्यावा.

पिंपळपान

एक विचारू का? पाळीच्या रक्ताच्या वासाने जंगली प्राणी येतात असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. यात किती तथ्य आहे? खरं सांगते, याच एका कारणासाठी मी दोनदा येणं टाळलंय.

झाडवेडी

बरं झालं विचारलंस. ही समजूत जगभर आहे आणि तिला बळ मिळालं ते एका खऱ्या दुर्घटनेमुळे. ऑगस्ट 1967 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, ग्रिझली अस्वलांच्या हल्ल्यात दोन तरुणींचा मृत्यू झाला. त्यानंतर पाळीचा तर्क लढवला गेला आणि बायकांनी त्या दिवसांत जंगलात जाऊ नये असे सल्ले छापून येऊ लागले. पुढे संशोधकांनी हे तपासलं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने अस्वलांच्या हल्ल्यांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत पाळीचा संबंध असल्याचा पुरावा मिळाला नाही. काळ्या अस्वलांवरच्या अभ्यासातही त्यांनी अशा वासाकडे लक्ष दिलं नाही. ध्रुवीय अस्वलांवरच्या प्रयोगात मात्र कुतूहल दिसलं होतं, पण तू काही ध्रुवावर निघालेली नाहीस.

प्राण्यांना खेचून आणतं ते अन्न. खरकटं, टूथपेस्ट, सुगंधी क्रीम, सगळं त्यात आलं. ते तंबूत ठेवायचं नाही. वासाच्या सगळ्या वस्तू, त्या काळ्या पिशव्यासुद्धा, एका डब्यात बंद करून तंबूपासून लांब ठेवायच्या किंवा उंच टांगायच्या. त्या जागेचा काही वेगळा नियम असेल तर तो पाळायचा. एवढी काळजी घेऊन तू खुशाल जा. तुझ्या दोन सहली उगाच गेल्या याचं मला वाईट वाटतंय.

टवटवीत

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्यांबद्दल लिहिते. मैत्रिणीने घेतल्या म्हणून आपणही घ्यायच्या, असं करू नका. त्या साधारण अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, म्हणजे ऐन वेळी सुचून उपयोग नाही. ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे किंवा काही प्रकारची अर्धशिशी आहे त्यांच्यासाठी त्या धोक्याच्या ठरू शकतात. आपल्या डॉक्टरांना भेटून, आधीचे आजार सांगून मगच ठरवा.

ज्या मैत्रिणीला रात्री दाह होऊन घाम येतो तिने स्लीपिंग बॅगची चेन पायाकडूनही उघडते ना ते बघावं, अंगात एकावर एक पातळ थर घालावेत आणि कोरडा बदली सदरा हाताशी ठेवावा. घामाने भिजलेल्या कपड्यात पहाटे थंडी भरते, तीच जास्त त्रास देते. तिला दाराजवळची जागा द्या.

औषधांबाबत नेत्याकडे (म्हणजे पायवाट, तुझ्याकडे) प्रत्येकीची एक बंद चिठ्ठी असावी: रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरचा नंबर. गरज पडली तरच उघडायची. सगळ्यांसमोर आजार सांगायला नको असतात, पण अडचणीच्या वेळी कोणालातरी माहीत असायलाच हवेत.

धुकं

थंडीबद्दल एक गोष्ट प्रत्येक बाईला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, एक 'कम्फर्ट' आणि एक 'लिमिट'. आयएसओ 23537 या मानकात कम्फर्टचा आकडा ठरतो तो सैल, निवांत झोपलेल्या प्रमाण स्त्रीवरून. लिमिटचा आकडा ठरतो तो अंग मुडपून झोपलेल्या प्रमाण पुरुषावरून. ही प्रमाण स्त्री 25 वर्षांची, 60 किलोची धरलेली आहे, पुरुष 73 किलोचा. दुकानात मोठ्या अक्षरात दिसतो तो बहुतेकदा लिमिटचा आकडा. त्यावर विसंबून बाईने बॅग घेतली की ती रात्रभर कुडकुडते आणि "मलाच थंडी सोसत नाही" म्हणत राहते. कायम कम्फर्टचा आकडा बघा, आणि वय जास्त असेल किंवा मुळात थंडी वाजत असेल तर त्याहूनही पाच अंश उबदार घ्या.

दुसरं म्हणजे मॅट. अंगाखालची बॅग वजनाने दबते आणि तिथली ऊब जाते, जमीन थंडी वर ढकलते. मॅटवर 'आर-व्हॅल्यू' असते, ती जितकी जास्त तितका बचाव जास्त. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर दोघींच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, त्यामुळे महाग मॅट घ्यायलाच हवी असं नाही. झोपताना सुती कपडे नकोत, लोकर किंवा सिंथेटिक हवेत. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली की पहाटेपर्यंत ऊब टिकते.

तंबूत शेगडी, कोळसा, गॅस काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. याला अपवाद नाही, पाऊस असला तरी.

निळाई

परत फिरण्याच्या नियमाबद्दल माझं मत वेगळं आहे. एकीच्या भीतीपोटी सातजणींची सहल मोडायची? पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या रात्री परत जावंसं वाटतंच. थोडा धीर दिला की सकाळी तीच सगळ्यात खूश असते. उलट बहुमताने ठरवावं.

आणि सोबत स्थानिक वाटाड्या किंवा मार्गदर्शक घ्यावा का? आमच्यातल्या काहींना वाटतं की पुरुष वाटाड्या घेतला की मग ती बायकांची सहल कसली.

पायवाट

निळाई, धीर द्यायला माझी कधीच ना नाही. धीर द्यावा, गप्पा माराव्यात, हात धरावा. पण ते सगळं करूनही ती "फिरूया" म्हणाली तर तिथे बहुमत आणू नये असं मला वाटतं. आम्ही गाडीपासून तासाच्या अंतरात राहणार आहोत ते याचसाठी. आठजणींसाठी दोन गाड्या आणि दोन्ही गाड्यांच्या प्रत्येकी दोन चालवणाऱ्या ठेवल्या आहेत. त्यामुळे एकीला जायचं असेल तर तिघी तिच्याबरोबर जातील, चौघी राहतील. अंधार पडला असेल आणि धोका नसेल तर ती रात्र गाडीत काढून उजाडल्यावर निघायचं. म्हणजे सातजणींची सहल मोडायची वेळच सहसा येणार नाही. आणि दार उघडं आहे हे माहीत असलं की बहुतेक जणी राहतातच. फोनवर जिने सगळ्यात जास्त भीती सांगितली होती, तिने हा नियम ऐकल्यावरच होकार दिला.

उंबरठा

वाटाड्याच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्को ताबेई यांनी 1969 मध्ये जपानमध्ये फक्त बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. 16 मे 1975 ला त्या एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तेही बायकांच्याच मोहिमेतून. त्याच्या बारा दिवस आधी त्यांच्या छावणीवर हिमकडा कोसळला होता, त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या होत्या आणि शेर्पांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. शिखरावरही त्यांच्यासोबत शेर्पा आंग त्सेरिंग होते. 1978 मध्ये आर्लीन ब्लम यांच्या नेतृत्वाखाली बायकांची तुकडी अन्नपूर्णेवर गेली, तिथेही शेर्पा होते. या मोहिमा बायकांच्या नव्हत्या असं कोणी म्हणेल का? निर्णय कोणाचा, हे महत्त्वाचं. रस्ता माहीत असणारा माणूस, मग तो पुरुष असो की बाई, तुमच्या निर्णयाखाली काम करत असेल तर खुशाल घ्या. शक्य असेल तर बाईच शोधा, तिलाही काम मिळेल. जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्या अधिकृत यंत्रणेकडूनच नाव मागा, वाटेत भेटलेल्याला सोबत घेऊ नका.

आणि ज्यांना वाटतं की आपल्याकडे भारी सामान नाही, त्यांच्यासाठी: 1955 मध्ये एमा गेटवुड या बाई एकट्याने अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही डोंगरवाट चालून गेल्या, दोन हजारांहून अधिक मैल. वय 67, अकरा मुलांची आई. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तुमच्या एकसष्टच्या मैत्रिणीला हे जरूर सांगा.

पिंपळपान

घरून आणि ओळखीपाळखीतून एकच ऐकू येतं, "एवढ्या बायका एकट्या जाणार?" आठजणी असताना एकट्या कशा, हे कोणी सांगत नाही. पण तरी अनोळखी माणसांचा प्रश्न उरतोच. त्याचं काय करायचं?

चांदणवेल

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीच. आम्ही काय करतो ते लिहिते.

सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी मुक्कामी पोचतो. उजेडात आजूबाजूला कोण आहे, कोणाची ये-जा आहे ते दिसतं. रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत येईल अशी जागा टाळतो, पण जिथे कर्मचारी असतात अशा अधिकृत तळावर कुटुंबं उतरली असतील तर त्यांच्या शेजारची जागा मुद्दाम घेतो. तंबू गोलात लावतो, दारं आतल्या बाजूला. कोणी गप्पा मारायला आलं आणि "किती जण? किती दिवस? उद्या कुठे?" असं विचारू लागलं तर उत्तर देणं बंधनकारक नाही. "आमचं ठरायचंय, बाकीची मंडळी येतायत" एवढं पुरे. गटातली एकच बाई बोलते, बाकीच्या हसून माना डोलावत बसत नाहीत.

झोपताना प्रत्येकीच्या उशाशी टॉर्च, शिट्टी आणि बूट. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने, किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत. कोणा एकीलाही अस्वस्थ वाटलं तर तंबू तिथेच टाकून निघायचं. तंबू परत मिळतो. पायवाट, म्हणूनच तुझ्या त्या नियमाला माझं शंभर टक्के अनुमोदन.

आणि सहल संपेपर्यंत ठिकाणाचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. परत आल्यावर हवे तेवढे टाका.

कंदील

माझी बायको अशाच एका गटाबरोबर पुढच्या महिन्यात जातेय. धागा सुरुवातीपासून वाचला, खूप शिकायला मिळालं. घरी राहणाऱ्याने काय करायचं असतं? तिला सारखे फोन करून त्रास द्यायचा नाही, पण काळजी तर वाटणारच.

पायवाट

दादा, घरी राहणाऱ्याचं काम फार मोलाचं असतं. तिच्याकडून एक कागद लिहून घ्या: कुठे उतरणार, कोणत्या वाटेने, गाड्यांचे नंबर, सगळ्यांची नावं, परवानगी देणाऱ्या कार्यालयाचा फोन आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे एक वेळ. "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन येईल, आठपर्यंत आला नाही तर या नंबरवर कळवायचं" इतकं स्पष्ट. त्याआधी फोन लागला नाही तरी घाबरायचं नाही, जंगलात नेटवर्क जातं. आणि ती वेळ उलटली तर "अजून थोडं थांबूया" म्हणायचं नाही. शोधपथकाला सगळ्यात जास्त मदत होते ती ठरलेल्या वेळेला केलेल्या फोनची.

तिच्याबरोबर शिट्टी द्या. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. आल्प्समधून आलेला हा संकटाचा इशारा आहे. उत्तर अमेरिकेत सहाऐवजी तीन शिट्ट्यांची पद्धत आहे. आवाजाने ओरडून घसा बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजवता येते.

सरोवर

शेकोटीबद्दल कोणीच लिहिलं नाही! शेकोटी नसेल तर रात्री करायचं काय?

झाडवेडी

जिथे आधीपासून केलेली चूल आहे आणि परवानगी आहे तिथेच. कोरड्या दिवसांत, वारा असताना नाहीच. झाडाची फांदी तोडायची नाही, खाली पडलेल्या, मनगटाहून बारीक काटक्याच घ्यायच्या. विझवायची म्हणजे पाणी ओतायचं, ढवळायचं, परत ओतायचं, आणि राखेत हात घालता येईल इतकी गार झाल्याशिवाय हलायचं नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर शेकोटी नकोच. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ज्वाळेकडे बघत बसलं की ते कधीच सरावत नाहीत. सगळे दिवे बंद करून अर्धा तास बसा. चांदणं नसेल तेव्हा तर नक्की बसा. हेडलॅम्पला लाल दिवा असेल तर तो वापरा, त्याने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही.

सरोवर

हे कधी केलं नाही. यावेळी करून बघते, पण पाऊस नसेल तर थोडी शेकोटीही करणारच.

धुकं

जागा निवडताना मान वर करून बघायला विसरू नका. वाळलेली फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर असेल तर तिथे तंबू नको, वारा नसतानाही त्या पडतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नको, वर कुठेतरी पाऊस झाला तर तुमच्याकडे आभाळ निरभ्र असतानाही पाणी येतं. विजा चमकत असतील तर तंबू काही वाचवत नाही, गाडीत जाऊन बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

पाणी उकळून घेत असाल तर खळखळून एक मिनिट उकळू द्या, 2000 मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. हाताने दाबायचे फिल्टर बहुतेक जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू त्यांतून निसटतात. आयोडीनच्या गोळ्या गरोदर बायकांनी आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी वापरू नयेत. आठजणींत थायरॉइडवाली एखादी असतेच, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टवटवीत

आणि साप. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही. अंगठ्या, कडी, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, तिला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत आणा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. असं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं ते निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. आठजणींत दोघींनी तरी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. रात्री बूट घातल्याशिवाय आणि टॉर्च लावल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल नको, बूट घालण्याआधी झटकून घ्यायचे. एवढ्याने बराचसा धोका टळतो.

रानजाई

कितीतरी दिवस नुसतं वाचते आहे, आज लिहिण्याचं धाडस करते. मी पन्नाशीची, एकटी राहते. असं कुठे जाण्याची फार इच्छा आहे, पण माझी शुगर वाढलेली असते, इन्सुलिन घेते. गटातल्या कोणाला ओझं वाटू नये म्हणून कधी विचारलंच नाही. माझ्यासारखीने जावं का?

टवटवीत

जावं. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, चालल्यामुळे साखर उतरते तेव्हा डोस कसा ठेवायचा ते लिहून घ्या. इन्सुलिन गोठू द्यायचं नाही आणि उन्हातही तापू द्यायचं नाही. थंड रात्री ते स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपा, दिवसा सॅकच्या मधोमध कपड्यांत ठेवा. औषध दुप्पट न्या आणि अर्धं दुसरीच्या सॅकमध्ये द्या, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडणार नाही. साखर कमी झाल्याची लक्षणं आणि तेव्हा काय द्यायचं हे तुमच्या तंबूतल्या सोबतिणीला आधी समजावून सांगा.

पायवाट

रानजाईताई, ओझं हा शब्द आमच्या गटात नको. आमच्याकडे एक तंबू तिघींचा आहे आणि त्यात सध्या दोघीच आहेत, त्यातली एक परिचारिका आहे. दोन्ही गाड्यांत पाचवी जागा रिकामी आहे. बाकी सगळ्यांना मी कालच विचारलं, सगळ्यांचा होकार आहे.

जाण्याआधीच्या शनिवारी आम्ही एकीच्या गच्चीवर तंबू लावून एक रात्र राहणार आहोत. पहिल्यांदा येणाऱ्या तिघींसाठीच ते ठरवलंय. तंबू ठोकायचा, बॅगेत झोपून बघायचं, रात्री उठून चेन उघडायची, नरसाळं वापरून बघायचं. त्या रात्री या. नाही जमलं, नाही आवडलं तर तिथूनच सांगा, पुढचा काही आग्रह नाही.

मला व्यक्तिगत संदेशात दोन प्रश्नांची उत्तरं पाठवा: कशाची भीती वाटते, आणि काय बोलायला संकोच वाटतो.

रानजाई

शनिवारी येते. मॅट माझ्याकडे नाही.

पायवाट

माझ्याकडे फोमच्या दोन आहेत, दोन्ही तुमच्यासाठी आणते. एकावर एक टाकू.